न झालेल्या दोन भेटी

"राहू दे आता ते. हात बघ तुझे."

आमच्या घरात येऊन ती ताई माझ्याशी एवढंच बोलली. मी दहा वर्षांची होते. ताई समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होती. जळगावातल्या आमच्या वस्तीत ती गृहभेटीला आली होती. म्हणजे आमच्या घरात बसून, आम्हाला प्रश्न विचारून, आमच्याबद्दल लिहून न्यायला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की कॉलेजची ताई येणार आहे आणि आईने त्यासाठी डाळमिलचा खाडा केला आहे.

आई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. ताईने सकाळी अकराची वेळ दिली होती. आईने ओटा सारवला. पेटीच्या तळातली गोधडी काढली. तिची आई वारली तेव्हा तिच्या लुगड्यांची शिवलेली ती गोधडी, जी आम्हाला कधी अंगावर घेऊ दिली नव्हती, ती तिने खाली अंथरली. मी सकाळची शाळा करून आले तशी मला म्हणाली, तो स्टीलचा पेला राखेने लखलखीत घास. मी घासला. अकराचे बारा झाले, बाराचे दोन झाले. मार्चचं ऊन, वर पत्रा. मी तो पेला पुन्हा घासायला बसले आणि ताई आली.

आल्या आल्या तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. उलगडलं. गोधडीवर पसरलं. मग त्यावर बसली.

मी आईकडे बघत होते. तिचा चेहरा काही बदलला नाही. तिने पेला भरून पुढे केला. नळाला तेव्हा चार दिवसांनी पाणी यायचं आणि ते चौथ्या दिवसाचं, माठाच्या तळाचं पाणी होतं.

"उनमाईन वनी तू, माय. पानी पी ले."

"नको, माझं आहे." ताईने बाटली काढली. दोन घोट प्यायली. बाटली परत पिशवीत.

पेला तिथेच राहिला. आईच्या तोंडाला कुलूप लागलं ते तिथून.

मग प्रश्न. आडनाव काय? घरात कमावतं कोण? नवरा पितो का? मुलगी शाळेत जाते का, की घरकामाला ठेवता? आई हो म्हणायची, नाही म्हणायची. माझा बाप ट्रकमध्ये केळी भरायला फैजपूरकडे गेलेला होता आणि तो सुपारीसुद्धा खात नव्हता. पण आई "नाही" एवढंच म्हणाली. ताईने तिच्याकडे असं बघितलं, जणू सगळ्याच बायका असं म्हणतात.

माझा जीव त्या पेनात अडकला होता. निळं पेन, चंदेरी टोपण. आमच्याबद्दल ते काय लिहितंय ते मला वाचायचं होतं. मी चौथीत होते, मला घडाघडा वाचता यायचं. मी वाकले तशी ताईने कागदावर हात आडवा धरला. मी अजून वाकले, तिने कागद छातीशी घेतला. मग मी पेनच ओढलं. ओढलं खरं. आजही सांगते, ओढलं.

आईने पाठीत धपाटा घातला. "दी टाक तिले!"

मी लगेच पेन पुढे केलं. माझ्या हाताला राख होती. तिच्याचसाठी घासलेल्या पेल्याची राख. ताईने माझ्या बोटांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. तेव्हा ते वाक्य. "राहू दे आता ते. हात बघ तुझे." पिशवीतून दुसरं पेन काढून तिने उरलेलं लिहिलं आणि उठली. वर्तमानपत्र तिथेच टाकून गेली.

मी हात धुतले. एकदा, दोनदा, तीनदा. आई ओरडली नाही, आणि पाणी सांडल्यावर तिने न ओरडण्याची ती पहिलीच वेळ होती. ओले हात फ्रॉकला पुसून मी बाहेर पळाले तर ताई कोपऱ्यावर पोहोचली होती. "ताई, पेन!" मी मोठ्याने हाक मारली. तिने वळून बघितलं नाही.

आईने पेन मीठ-मसाल्याच्या फळीवरच्या एका रिकाम्या डब्यात ठेवलं. म्हणाली, "पुढला हप्तामा येई ती. तवय दी देजो."

ती पुढच्या हप्त्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कधीच आली नाही.

बारा वर्षांनी मी त्याच कॉलेजात एमएसडब्ल्यूला प्रवेश घेतला. मुलाखतीत विचारलं, समाजकार्यच का? मी म्हटलं, समाजासाठी काहीतरी करायचंय. सगळे हेच म्हणतात. खरं कारण वेगळं होतं. आमच्याबद्दल त्या कागदावर काय लिहिलं गेलं ते मला बघायचं होतं. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

पहिल्याच महिन्यात बघायला मिळालं.

फिल्डवर्कच्या मॅडम आम्हाला अहवाल कसा लिहायचा ते शिकवत होत्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. एका मुलीला हॉस्टेल मिळेना तेव्हा त्यांनी ऑफिसात जाऊन आवाज चढवला होता. शिकवायच्याही जीव तोडून. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी 'गोपनीयता' असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. ज्याच्या घरात आपण जातो त्याचं नाव कधीही उघड करायचं नाही, म्हणाल्या. मग झेरॉक्सचे गठ्ठे वाटले. "हा नमुना अहवाल. माझा स्वतःचा आहे, मी विद्यार्थिनी असतानाचा. त्या वर्षी सगळ्यात जास्त गुण यालाच होते. दरवर्षी मी मुलांना हाच देते." मग माझ्याकडे बोट केलं. "तू वाच. तुझा आवाज खणखणीत आहे."

मी उभी राहिले. वाचायला लागले.

"श्रीमती क. व्यवसाय, डाळमिलमध्ये मजुरी. घर पत्र्याचे. बसण्यास योग्य जागा नाही. फाटक्या लुगड्यांच्या गोधडीवर बसावे लागले."

तिसऱ्या ओळीला मला ते घर ओळखू आलं. नाव झाकलं होतं. बाकी सगळं उघडं होतं. गोधडीसुद्धा. वाचता वाचता मी मान वर करून मॅडमकडे बघितलं. बारा वर्षं मला त्या ताईचा चेहरा आठवत नव्हता, फक्त मागे घेतलेला हात आठवत होता. आता तो हात टेबलावर होता. खडू धरलेला.

मी वाचत राहिले. थांबायला हवं होतं, थांबले नाही. "क्लायंटचा प्रतिसाद उदासीन. एका शब्दात उत्तरे. पतीच्या व्यसनाबाबत माहिती लपवत असल्याचे जाणवले. मुलीच्या शिक्षणाबाबत आस्था नाही. मुलगी, वय दहा, हट्टी व आक्रमक. तिने विद्यार्थिनीचे पेन चोरले."

"चोरटी निघाली की पोरगी!" माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली. फैजपूरची, केळीच्या बागायतदाराची मुलगी, जीव लावणारी. वर्ग हसला. मॅडमही थोडं हसल्या.

पुढे दुसरी गृहभेट होती. दुसऱ्या भेटीत म्हणे विद्यार्थिनीने श्रीमती क यांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले. तिसरी गृहभेट. तिसऱ्या भेटीत म्हणे श्रीमती क यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी मुलीला रोज शाळेत पाठवण्याचे वचन दिले. क्लायंटमध्ये सकारात्मक बदल. केस समाप्त.

मी वर्षभरात एक दिवस शाळा बुडवली नव्हती. आणि तिसरी भेट! दुसऱ्या भेटीसाठी माझी आई फळीवर पेन ठेवून वाट बघत होती.

वाचून झालं. मॅडमनी विचारलं, "यातून क्लायंटचा स्वभाव कसा दिसतो?"

इथे मला तोंडावर हात ठेवावासा वाटतो. पण सांगायचं ठरवलंय तर सांगते. मी म्हटलं, "असहकार्याचा."

"बरोब्बर. बस."

मी बसले. माझ्या आईविरुद्ध भर वर्गात साक्ष देऊन मी गपगुमान खाली बसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वर्गात माझं नाव चांगलं होतं, ते मला टिकवायचं होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर आईने वाढलेली कळण्याची भाकरी मी तशीच टोपलीत परत ठेवली.

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आठवड्यात रेल्वे रुळांपलीकडच्या एका वस्तीत मी स्वतः गृहभेटीला गेले. पिशवीत बाटली होती. सगळ्यांच्याच असायची. पहिल्या दिवशीची सूचनाच तशी, वस्तीत काही खायचं-प्यायचं नाही. एका बाईने माझ्यासाठी कोरा चहा ठेवला. मी म्हटलं, "नको मावशी, आत्ताच घेतला." तिने गॅस बंद केला. त्यानंतर ती फार बोलली नाही. मी परत येऊन लिहिलं, "क्लायंटचा प्रतिसाद थंड."

मॅडमनी लाल शाईने शेरा दिला. 'उत्तम निरीक्षण.'

त्या दोन शब्दांनी तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमवरची नाही. माझ्यावरची. नमुना वाचून नमुन्यासारखीच तयार झाले होते मी. दोन आठवड्यांत. आमच्या घरावरून शिकून मी दुसऱ्याच्या घरात तेच करून आले होते.

संध्याकाळी आई मिलमधून आली. केसांत डाळीचा कोंडा तसाच. मी म्हटलं, आई, बस. तुला काही वाचून दाखवायचंय. झेरॉक्स काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचली. कुठे थांबले नाही, काही गाळलं नाही. आई गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती. पेनाचं आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"हाई मी शे?"

"हो."

"दुसरी डाव कवय वनी ती?"

"नाही आली, आई."

ती उठली. फळीवरचा डबा काढला. निळं पेन अजूनही त्यातच होतं. टोपणाचा चंदेरी रंग गेला होता. तिने ते माझ्यासमोर ठेवलं. "हाई चोरेल शे का?"

मी पेन उचलून हातात घेतलं. ती तोंड धुवायला गेली, परत आली, पदराने तोंड पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "बठ्ठं लिखं तिनी. माले इचारं नई."

बठ्ठं म्हणजे सगळं. मग ती सांगत बसली. त्या भेटीच्या आदल्या रात्रीपासून तिने काय काय ठरवलं होतं. माझ्या शाळेचं विचारायचं होतं, चौथीनंतर कुठे घालावी पोरीला, कॉलेजातल्या बाईला ठाऊक असेल. शिष्यवृत्तीचं विचारायचं होतं. वर्तमानपत्र पसरलं गेलं आणि सगळं गिळून टाकलं तिने. उदासीन! माझ्या आईने त्या दिवशी एक शब्दसुद्धा वाया घालवला नाही, एवढंच. मी ते सगळं लिहून घेतलं. तिचंच बोलणं, तिच्याच शब्दांत. मग तिला वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी दुरुस्त केलं.

महिनाअखेरीस सेमिनार होता. प्रत्येकाने आपली एक केस मांडायची. माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझी क्लायंट श्रीमती क. डाळमिलमध्ये मजुरी." मॅडमनी मान वर केली. मी आईचं वाचलं. गोधडी कोणाच्या लुगड्यांची, ते वाचलं. माठातलं पाणी कितव्या दिवसाचं होतं, ते वाचलं. तिला काय विचारायचं होतं आणि ते तिने का विचारलं नाही, ते वाचलं. शेवटी म्हटलं, "गृहभेट एकच झाली. दुसरी आणि तिसरी झालीच नाही. पेन चोरलं नव्हतं. परत देत होते, घेतलं नाही. ती मुलगी मी."

पिशवीतून पेन काढलं आणि टेबलावर मॅडमपुढे ठेवलं. "आईने सांभाळून ठेवलं होतं. घ्या."

 मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता त्या काहीतरी माणसासारखं बोलतील. खरंच वाटलं. त्या म्हणाल्या, "भावनिक होऊ नकोस. व्यावसायिक अंतर म्हणजे काय, ते शिकवलंय ना?"

"अंतर होतं, मॅडम. एका वर्तमानपत्राएवढं."

"हे नाटक उचल इथून."

पेनाला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्यांदा. या वेळी माझे हात स्वच्छ होते, तरी. मी ते उचललं आणि पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. शिक्षकांचा अपमान, शिस्तभंग, वगैरे. लेखी माफी द्यायची, नाहीतर फिल्डवर्क असमाधानकारक धरून सगळं सत्र पुढच्या वर्षी पुन्हा करायचं. एका सरांनी बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "एक ओळ लिहून दे, विषय मिटेल. तुझ्यासारख्या घरातल्या मुलीला वर्ष घालवणं परवडणार आहे का?" माझ्यासारखं घर! ते घर त्यांनीही नमुन्यात वाचलेलं होतं.

घरी आईला सांगितलं. मला भीती होती की ती म्हणेल, लिहून दे, पोरी, तुझं शिक्षण मोठं. तिने डाळीच्या धुळीने लाल झालेले डोळे माझ्यावर रोखले. "कसानी माफी?"

संपलं. मी ऑफिसात जाऊन कोऱ्या कागदावर लिहिलं, "मी माफी मागणार नाही." खाली सही केली. निळ्या पेनाची रिफिल केव्हाच वाळली होती, पेनात नवी घालून घेतली होती.

फैजपूरची मैत्रीण जिन्यात भेटली. रडत होती. "मला माहीत असतं तर हसले नसते गं."

मी म्हटलं, "माहीत नसताना हसलीस, तेच दुखलं." ती अजून रडली. मी समजूत काढली नाही. तेव्हा माझ्याकडे दुसऱ्याची समजूत काढण्याएवढा जीव शिल्लक नव्हता.

सत्र पुन्हा केलं. माझ्यापेक्षा लहान मुलींच्या बाकावर बसून. त्याच वर्गात, त्याच मॅडमपुढे. नमुना अहवालाच्या झेरॉक्स पुन्हा वाटल्या गेल्या. मी घाईघाईने पेनाची ओळ शोधली. 'चोरले' खोडून तिथे 'घेतले' केलं होतं. भेटी मात्र तीनच्या तीनच. माझ्या एका वर्षाच्या बदल्यात एक शब्द बदलला. मी त्या झेरॉक्सवर समासात लिहिलं, 'भेट एकच', आणि माझ्या हाती लागेल त्या प्रत्येक प्रतीवर लिहीत गेले.

आता मी धुळ्यात आहे. एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, आणि मुलांना घेऊन वस्तीत जाते. पहिल्या दिवशी मी त्यांच्या बाटल्या कॉलेजातच ठेवायला लावते. वस्तीत पाणी मागून प्यायचं. नाही मिळालं तर का नाही मिळालं ते समजून घ्यायचं. गोधडी असेल तर गोधडीवर बसायचं. आणि अहवाल लिहून झाला की आधी माझ्याकडे आणायचा नाही. ज्या ओट्यावर बसून माहिती घेतली, त्याच ओट्यावर परत जाऊन तो मोठ्याने वाचायचा.

मुलं पहिल्यांदा घाबरतात. मागच्या वर्षी एकजण म्हणाला, "मॅडम, असं वाचून दाखवलं तर लोक चिडतील."

"चिडण्यासारखं काय लिहिलंयस?"

त्याने कागद पुन्हा एकदा वाचून बघितला. मग गेला वाचायला, मी मागे उभी. एका अक्कांच्या घरी. त्याने 'मुलगा बेकार' असं वाचलं आणि अक्कांनी भाकरी थापता थापता हात वर केला. "हाई काट. मना पोऱ्या बेकार नई शे. काम दखी ऱ्हायना." मुलाने 'बेकार' खोडलं. 'काम शोधतो आहे' लिहिलं. मग अक्कांनी पिठाचा हात पुसून सही केली. पिठाचं बोट कागदावर उमटलं, ते मी तसंच राहू दिलं. त्या कागदाखाली माझी सही दुसरी असते. पहिली त्या घराची.

गेल्या सोमवारी मला वरून पत्र आलं. क्षेत्रकार्याचे अहवाल गोपनीय असतात, ते वस्तीतील लोकांना वाचून दाखवणे व त्यांच्या सह्या घेणे नियमात बसत नाही, ही पद्धत तात्काळ बंद करावी, अन्यथा पुढील सत्रात आपल्या नेमणुकीबाबत विचार करावा लागेल. गोपनीयता! तोच शब्द. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याच्यापासूनच गोपनीय ठेवायचं. फळ्यावर त्याखाली मारलेल्या दोन रेघा मला स्पष्ट आठवल्या.

नेमणूक जाईल. तासिकेवरच्या माणसाची नेमणूक जायला कितीसा वेळ लागतो? आईला फोनवर वाचून दाखवलं तर तिने फक्त विचारलं, "मंग? सोडी देशी?"

"नाही."

"मंग झालं."

उत्तर लिहायला बसले. निळं पेन काढलं. दोनदा परत दिलं, दोनदा नाकारलं गेलं, आता ते माझं आहे. फार लिहिलं नाही. "पद्धत बंद होणार नाही. ज्या घराची सही नाही, त्या अहवालावर माझीही सही होणार नाही." कागद पाकिटात घालून ऑफिसात दिला, पोच घेतली.

उद्या गुरुवार. फिल्डवर्कचा दिवस. बारा मुलं, बारा अहवाल, बारा ओटे. वाचायला सुरुवात सकाळी अकराला. आणि अकरा म्हणजे अकरा.